पाषाणांचा तोल आणि आबे आयुई

एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड जड, हे कोडे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांना घातले जाते. मूल उतावळेपणाने ‘लोखंड’ म्हणते आणि मोठी माणसे हसतात. परंतु त्या मुलाचे उत्तर सर्वस्वी चुकीचे नसते. प्रश्न वजनाचा असला, तरी मुलाच्या मनात घनता असते. तेवढ्याच जागेत मावणारे लोखंड कापसाहून कितीतरी जड भरते, हे त्याच्या हातांना ठाऊक असते.

वस्तूच्या वजनाला तिच्या आकारमानाने भागले की घनता मिळते. हीच घनता पाण्याच्या कितीपट आहे हे सांगणाऱ्या अंकाला विशिष्ट गुरुत्व म्हणतात. वजन हे वस्तू लहान की मोठी यावर अवलंबून असते. घनता मात्र वस्तू कशाची बनली आहे यावर अवलंबून असते. मोहरीएवढा सोन्याचा कण आणि सोन्याची वीट यांची घनता एकच, पाण्याच्या १९.३ पट. वस्तूचा रंग बदलता येतो, तिला मुलामा देता येतो, तिचा आकार पालटता येतो. पण तिची घनता सहजासहजी खोटे बोलत नाही. म्हणूनच पाषाण, धातू आणि मूलद्रव्ये यांच्या इतिहासात या साध्या अंकाला साक्षीदाराचे स्थान लाभले आहे. त्या इतिहासाच्या ऐन मध्यावर एक कॅथॉलिक धर्मगुरू उभा आहे. त्याचे नाव आपल्या समाजात फारसे कोणी घेत नाही. त्याचीच ओळख आम्ही वाचकांस येथे करून देऊ इच्छितो.

मुकुटापासून तराजूपर्यंत

या कथेचा आरंभ बहुतेकांना शालेय पुस्तकातून ठाऊक असतो. सिसिली बेटावरील सिराक्यूजचा राजा हिएरो याने देवतेसाठी सोन्याचा मुकुट घडवून घेतला. सोनाराने त्यात चांदी मिसळली असावी, असा त्याला संशय आला. मुकुट न मोडता सत्य शोधण्याचे काम आर्किमिडीजकडे आले. स्नानाच्या वेळी पाणी उसळून बाहेर पडताना त्याला युक्ती सुचली आणि तो तसाच धावत सुटला, अशी ही आख्यायिका. ती लिहून ठेवणारा रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस हा आर्किमिडीजनंतर सुमारे दोनशे वर्षांनी झाला. सांडलेले पाणी मोजण्याची ही रीत फार ढोबळ आहे, असे १५८६ साली बावीस वर्षांच्या गॅलिलिओला वाटले. आर्किमिडीजने मुकुट पाण्यात बुडवून तराजूवरच तोलला असला पाहिजे, असे त्याने एका छोट्या निबंधात मांडले आणि तसा तराजू कसा करावा हेही सांगितले.

ही रीत समजण्यास सोपी आहे. एखादा खडा हवेत ५३ ग्रॅम भरला आणि दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोलला असता ३३ ग्रॅम भरला, तर पाण्याने त्याचे २० ग्रॅम वजन उचलून धरले. म्हणजेच त्या खड्याएवढ्या पाण्याचे वजन २० ग्रॅम आहे. ५३ ला २० ने भागा, उत्तर २.६५. हा अंक गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा आहे. खड्याचा आकार कितीही वेडावाकडा असो, त्याचे आकारमान पाणी स्वतःच मोजून देते.

मध्ययुगात ही विद्या अरबी भाषेतील विद्वानांनी जिवंत ठेवली आणि वाढवली. भारताविषयी ग्रंथ लिहिणारा अल्‌-बिरुनी आपल्याकडे इतिहासकार म्हणून परिचित आहे. परंतु त्याने धातूंची आणि रत्नांची विशिष्ट गुरुत्वे विलक्षण बारकाईने मोजली होती, हे थोड्यांनाच ठाऊक असते. त्याच्या मागोमाग मर्व्ह येथील अल्‌-खाझिनी याने ११२१ च्या सुमारास तराजूवर एक मोठा ग्रंथ रचला. हा अल्‌-खाझिनी ग्रीक वंशाचा आणि मूळचा गुलाम होता. खरे सोने आणि हिणकस सोने, खरे रत्न आणि काच यांतील भेद ओळखणे हा त्या ग्रंथाचा एक हेतू होता. बाजारातील फसवणूक थांबावी ही इच्छा विज्ञानाला किती पुढे नेते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

युरोपात १६०३ साली रोम येथे मारिनो गेताल्दी या रागुझाच्या, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकच्या, गणितज्ञाने आर्किमिडीजच्या विचारावर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात धातूंच्या व द्रवांच्या वजनांची तुलना कोष्टकांत मांडली. ग्रेगोरियन पंचांगाच्या सुधारणेत मोठा वाटा असलेले येशूसंघीय धर्मगुरू क्लाव्हियस यांच्या सहवासात तो रोममध्ये आला होता. त्याच्या कोष्टकात सोने पाण्याच्या सुमारे १९ पट आहे. आजच्या अंकाशी हे किती जवळ आहे, ते वाचकांनी पाहावे.

विणकराचा मुलगा

रने-ज्यूस्त आयुई यांचा जन्म २८ फेब्रुवारी १७४३ रोजी उत्तर फ्रान्समधील सॅं-ज्यूस्त या लहानशा गावी झाला. वडील तागाचे कापड विणणारे गरीब कारागीर होते. गावातील मठाच्या मंदिरात उपासनेला आणि गायनाला हा मुलगा नित्य येई. त्याची बुद्धी आणि भक्ती मठवासीयांच्या नजरेत भरली आणि त्यांनी त्याच्या शिक्षणाचा मार्ग मोकळा केला. पॅरिसमध्ये शिक्षण पूर्ण करून १७७० साली आयुई यांनी गुरुदीक्षा घेतली आणि ते विद्यालयात शिकवू लागले. फ्रेंच भाषेत अशा धर्मगुरूंना ‘आबे’ म्हणतात. जगाच्या विज्ञानात ते ‘आबे आयुई’ या नावानेच ओळखले जातात. त्यांचे धाकटे बंधू व्हॅलेंटिन यांनी पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली. पुढे लुई ब्रेल हा विद्यार्थी याच शाळेत आला. एका विणकराच्या घराने जगाला दिलेली ही दोन दाने आहेत.

आयुई यांना आधी वनस्पतिशास्त्राची गोडी लागली, ती एका वडीलधाऱ्या सहकारी धर्मगुरूमुळे. पुढे राजोद्यानात दोबाँताँ यांची खनिजांवरील व्याख्याने ऐकून त्यांचे मन दगडांकडे वळले. फुलांच्या पाकळ्यांची संख्या ठरलेली असते. मग एकाच खनिजाचे स्फटिक नाना आकारांचे का, हा प्रश्न त्यांना छळू लागला. एका स्नेह्याच्या संग्रहातील कॅल्साइटचा स्फटिक त्यांच्या हातून खाली पडला आणि फुटला. तुकडा उचलून पाहतात तो त्याच्या सपाट बाजू नेमक्या कोनांत मिळालेल्या, तिरप्या चौकटीसारख्या. घरी जाऊन त्यांनी आपल्या संग्रहातील निरनिराळ्या आकारांचे कॅल्साइट फोडले. प्रत्येकाच्या पोटातून तोच तिरपा ठोकळा निघाला. बाहेरचे रूप वेगळे, गाभा एक. एकाच घडणीच्या अतिसूक्ष्म ठोकळ्यांचे थर रचून निसर्ग स्फटिक बांधतो, हा सिद्धांत त्यांनी मांडला आणि १७८४ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. स्फटिकशास्त्राचा पाया तेथे घातला गेला.

सप्टेंबर १७९२

पुढील काळ फ्रेंच राज्यक्रांतीचा आहे. धर्मगुरूंनी नव्या राज्यव्यवस्थेच्या धर्मविषयक कायद्याशी एकनिष्ठेची शपथ घ्यावी, असे फर्मान निघाले. हा कायदा ख्रिस्तसभेला राज्याच्या ताब्यात देणारा होता. आयुई यांनी शपथ घेतली नाही. १७९२ च्या ऑगस्ट महिन्यात त्यांना अटक झाली आणि सॅं-फिर्मँ येथील, तुरुंग बनवलेल्या गुरुकुलात इतर धर्मगुरूंसमवेत डांबण्यात आले. त्यांचे चरित्र सांगणारे क्यूव्हिए लिहितात की, तेथेही त्यांनी आपल्या स्फटिकांचे खण मागवून घेतले आणि विस्कटलेले नमुने शांतपणे लावण्यास आरंभ केला.

त्यांचा तरुण विद्यार्थी एतिएन जॉफ्र्वा सॅंतिलेर धावपळ करून सुटकेचा हुकूम घेऊन आला. हा विद्यार्थी पुढे थोर प्राणिशास्त्रज्ञ झाला. त्या दिवशी उशीर झाला होता. आयुई म्हणाले, रात्र येथेच काढू; दुसऱ्या दिवशी त्यांना जवळजवळ ओढूनच बाहेर न्यावे लागले. ३ सप्टेंबरला जमाव त्या इमारतीत घुसला आणि सत्तरांहून अधिक बंदिवानांची कत्तल झाली. त्या सप्टेंबर महिन्यात पॅरिसमध्ये प्राणार्पण केलेल्यांपैकी १९१ जणांना पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली धन्यवादित घोषित केले. आयुई यांचे नाव त्या यादीत असण्यास थोड्याच दिवसांचे अंतर होते.

एक घन डेसिमीटर पाणी

या प्रसंगानंतर अवघ्या काही महिन्यांनी आयुई एका निराळ्याच कामात दिसतात. फ्रान्समध्ये तेव्हा गावोगावची मापे वेगवेगळी होती. गरीब शेतकरी आणि गिऱ्हाईक यांची लूट त्यातूनच होई. सर्व माणसांसाठी एकच माप असावे, असे ठरले. लांबीचे माप पृथ्वीच्या परिघावरून आणि वजनाचे माप पाण्यावरून घ्यावयाचे होते. ठराविक जागेत मावणाऱ्या शुद्ध पाण्याचे वजन किती, म्हणजेच पाण्याची घनता किती, हे आधी काटेकोरपणे ठरवणे आवश्यक होते. हे काम दोघांवर सोपवले गेले. एक होते आधुनिक रसायनशास्त्राचे जनक आंत्वान लाव्हाझिए आणि दुसरे आबे आयुई.

१७९३ च्या आरंभी दोघांनी ही मोजणी केली. रीत आर्किमिडीजचीच: मोजून घेतलेले धातूचे नळकांडे आधी हवेत आणि मग पाण्यात तोलावयाचे. बर्फ वितळण्याच्या तापमानाला एक घन डेसिमीटर पाण्याचे वजन त्यांनी तत्कालीन फ्रेंच मापात १८,८४१ ग्रेन ठरवले. पाणी तापले की पसरते आणि थंड झाले की आक्रसते. परंतु ४ अंश सेल्सिअसच्या जवळ ते सर्वांत घन असते. १७९९ साली लफेव्हर-जिनो आणि फाब्रोनी यांनी हा तापमानाचा बिंदू धरून पुन्हा मोजणी केली, तेव्हा अंक १८,८२७.१५ आला. त्यावरून प्लॅटिनमचा किलोग्रॅम घडवण्यात आला. आज आपल्या बाजारात भाजी तोलली जाते, तिच्या मापाच्या मुळाशी मरणाच्या दारातून परतलेल्या एका धर्मगुरूने तोललेले पाणी आहे.

लाव्हाझिए यांचे नशीब मात्र तसे नव्हते. राजाचा कर गोळा करणाऱ्या मंडळीत ते पूर्वी भागीदार होते, म्हणून नोव्हेंबर १७९३ मध्ये त्यांना अटक झाली. त्यांच्या बाजूने बोलणे म्हणजे स्वतःची मान पुढे करणे होते. अशा वेळी वजनमापांच्या समितीच्या वतीने त्यांच्या सुटकेची मागणी करणारे पत्र गेले. त्यावर बोर्दा आणि आयुई यांच्या सह्या होत्या. ज्याने शपथ नाकारली, जो एकदा तुरुंग पाहून आला, त्या धर्मगुरूने दुसऱ्यांदा आपले नाव अधिकाऱ्यांच्या नजरेसमोर ठेवले. त्या पत्राचा उपयोग झाला नाही. ८ मे १७९४ रोजी लाव्हाझिए यांचा शिरच्छेद झाला. तराजूपुढे बसून सत्य तोलणारा माणूस जीवनातही तोल ढळू देत नाही, असे आम्हांस या प्रसंगावरून वाटते.

दगडांची साक्ष

१८०१ साली आयुई यांचा खनिजशास्त्रावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्फटिकाचा आकार ही त्यांची पहिली कसोटी. पण प्रत्येक खनिजाचे विशिष्ट गुरुत्व देण्याचा त्यांचा आग्रह असे. ब्रिसाँ या शास्त्रज्ञाने १७८७ साली अशा अंकांचा मोठा संग्रह छापला होता, त्याचाही त्यांना आधार मिळाला.

खडा पैलू पाडून अंगठीत बसला की त्याचा मूळ स्फटिकाकार नाहीसा होतो. मग तो ओळखावा कसा? १८१७ साली आयुई यांनी मौल्यवान रत्नांच्या भौतिक लक्षणांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. बिनरंगी खडे घ्या. गार २.६५, पुष्कराज ३.५, हिरा ३.५, पांढरा नीलम ४, झिरकॉन ४.६ च्या पुढे. पाण्यात तोलताच गार हिऱ्यापासून वेगळी पडते. परंतु पुष्कराज आणि हिरा यांचे अंक जवळजवळ एकच आहेत. येथे घनतेची एकटीची साक्ष पुरत नाही. पुष्कराजातून पाहिले असता प्रतिमा दुहेरी दिसू शकते. हिऱ्यातून ती एकेरीच दिसते. हा दुसरा साक्षीदार आला की निवाडा पक्का होतो. एका साक्षीवरून कोणाला दोषी ठरवू नये, हा आपल्या धर्मशास्त्रातील जुना दंडक दगडांच्या न्यायालयातही लागू पडतो.

आजच्या काळातही याचे प्रत्यंतर येते. टंगस्टनची घनता १९.२५ आणि सोन्याची १९.३. सोन्याच्या लगडीत टंगस्टन भरून फसवणूक केल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत, ते याच साम्यामुळे. पाण्यातला तराजू तेथे हरतो. विजेचे वहन किंवा ध्वनिलहरी यांची चाचणी घ्यावी लागते.

टंगस्टन या शब्दाचा स्वीडिश अर्थ ‘जड दगड’. आरंभी ते एका खनिजाचे नाव होते. त्या खनिजाची घनता ६ च्या आसपास, म्हणजे साध्या दगडाच्या दुपटीहून अधिक. टंगस्टन हा धातू १७८३ साली स्पेनमधील एल्हुयार बंधूंनी वेगळा केला. याच्या अगदी उलट कथा बेरियमची. बॅराइट हे खनिज ४.५ घनतेचे, त्याच्या जडपणावरून ग्रीक शब्दाने त्याचे नामकरण झाले आणि त्यातील मूलद्रव्यालाही ‘जड’ या अर्थाचेच नाव मिळाले. १८०८ साली हम्फ्री डेव्ही यांनी ते मूलद्रव्य सुटे केले, तेव्हा ते मऊ धातूच्या रूपाने हाती आले. त्याची घनता सुमारे ३.६ आहे, म्हणजे ज्या दगडातून ते निघाले त्याहूनही कमी. नावावरून माणूस ओळखू नये, तसा धातूही ओळखू नये.

आयुई यांच्या कोनांच्या मोजणीने रसायनशास्त्रालाही वाट दाखवली. पाचू आणि बेरिल यांची स्फटिकरचना एकच आहे, हे पाहून त्यांनी व्होक्लँ या रसायनशास्त्रज्ञाला दोहोंचे पृथक्करण करावयास सांगितले. १७९८ साली त्यातून एक नवे मूलद्रव्य हाती लागले, तेच बेरिलियम. सिसिलीतून आलेल्या आणि बॅराइट समजल्या गेलेल्या स्फटिकांचे कोन त्यांना सुमारे साडेतीन अंशांनी निराळे आढळले. व्होक्लँ यांनी तपासले, तर त्यात बेरियमच्या जागी स्ट्रॉन्शियम निघाले. त्या खनिजाची घनताही बॅराइटहून कमी, ४ च्या आतच आहे.

आयुई यांचा आपल्या भूमीशीही एक दुवा आहे. सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्ट पाषाणातील एका प्रमुख खनिजगटाला पायरॉक्सीन म्हणतात. हे नाव १७९६ साली आयुई यांनी दिले. त्याचा अर्थ ‘अग्नीला परका’. लाव्हारसात हे खनिज बाहेरून आले असावे, असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात ते लाव्हारसातच जन्मते; अग्नीला परके नसून अग्नीचे अपत्य आहे. पायरॉक्सीनसारख्या लोहयुक्त खनिजांमुळेच आपला काळा पाषाण गारेहून जड भरतो. नाशिक, जळगाव या भागांतील पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या चमकदार ॲपोफिलाइटचे नावही आयुई यांनीच १८०६ साली ठेवले.

सिद्धांताची कसोटी

प्रत्येक खनिजाचा मूळ ठोकळा वेगळा आणि म्हणून प्रत्येक आकारामागे वेगळे रासायनिक घटक, असा आयुई यांचा ठाम सिद्धांत होता. त्याला आव्हान दिले ते ॲरागोनाइट या साध्याशा खनिजाने. कॅल्साइट आणि ॲरागोनाइट दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. परंतु स्फटिक वेगळे आणि घनताही वेगळी. कॅल्साइट २.७१, ॲरागोनाइट २.९३. घटक तेच असताना दगड वेगळा कसा? १८१३ साली ॲरागोनाइटमध्ये थोडे स्ट्रॉन्शियम सापडले, तेव्हा आयुई यांना हायसे वाटले. पण सर्व नमुन्यांत ते पुरेसे आढळेना. पुढे जर्मनीतील मिचरलिख याने दाखवून दिले की, तेच घटक निरनिराळ्या रचनेत बसू शकतात आणि निरनिराळे घटक एकसारख्या रचनेतही बसू शकतात. वृद्ध आयुई यांनी हे शेवटपर्यंत मनापासून स्वीकारले नाही. जून १८२२ मध्ये त्यांनी देह ठेवला.

त्यांची थोरवी सांगताना ही गोष्ट लपवण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. कोळसा, पेन्सिलीतील ग्रॅफाइट आणि हिरा ही तिन्ही कार्बनचीच रूपे. हिरा शुद्ध कार्बन आहे, हे १७९७ साली स्मिथसन टेनंट यांनी तो जाळून सिद्ध केले होते. ग्रॅफाइटची घनता २.२ आणि हिऱ्याची ३.५. तेच अणू, पण एका ठिकाणी सैलसर थरांत आणि दुसऱ्या ठिकाणी चहूबाजूंनी घट्ट हात धरून बसलेले. घनता केवळ घटक सांगत नाही, तर ते घटक एकमेकांशी कसे जोडले गेले आहेत हेही सांगते. हा धडा आयुई यांच्याच वाटेने चालणाऱ्यांनी, आयुई यांच्या पलीकडे जाऊन शिकला.

न पाहिलेल्या धातूची घनता

१८७१ साली रशियातील दिमित्री मेंडेलीव्ह यांनी आपल्या आवर्त सारणीतील रिकाम्या घरांविषयी भाकिते प्रसिद्ध केली. ॲल्युमिनियमच्या खालचे घर रिकामे होते. तेथे येणाऱ्या मूलद्रव्याचा अणुभार ६८ च्या आसपास आणि घनता ५.९ च्या आसपास असेल, असे त्यांनी लिहिले. १८७५ च्या ऑगस्टमध्ये लकॉक द बुआबोद्राँ या फ्रेंच शास्त्रज्ञाला पिरनीज पर्वतातील एका खाणीच्या जस्तखनिजात नवे मूलद्रव्य सापडले. आपल्या देशाच्या प्राचीन नावावरून त्याने त्याला गॅलियम म्हटले. त्याने घनता मोजली ती ४.७.

मेंडेलीव्ह यांनी कळवले की, हा अंक ५.९ च्या जवळपास असावयास हवा. नमुना पुन्हा शुद्ध करून पाहावा. ज्याने तो धातू डोळ्यांनीही पाहिला नव्हता, तो ज्याच्या हाती धातू होता त्याला तोल चुकला म्हणून सांगत होता. बुआबोद्राँ यांना राग येणे स्वाभाविक होते. परंतु त्यांनी धातू पुन्हा शुद्ध केला आणि पुन्हा तोलला. या वेळी अंक ५.९ आला. एकाची निष्ठा नियमावर होती, दुसऱ्याची प्रयोगावर. परंतु दोघांचीही अंतिम निष्ठा सत्यावर होती, म्हणून वाद विकोपाला न जाता ज्ञान वाढले. १८८६ साली जर्मनीत फ्रायबर्गजवळच्या खाणीतील एका चांदीच्या खनिजातून क्लेमेन्स विंकलर यांनी जर्मेनियम वेगळे केले. मेंडेलीव्ह यांनी त्या घरासाठी ५.५ घनता वर्तवली होती. आजचा अंक ५.३२ आहे.

अणूंचे वजन, अणूंची जागा

घनतेमागे दोन गोष्टी असतात: अणू किती जड आणि तो किती जागा घेतो. शिशाचा अणुभार २०७ आणि ऑस्मियमचा १९०. अणू शिशाचा जड, पण घनता मात्र ऑस्मियमची दुप्पट, शिशाची ११.३४ आणि ऑस्मियमची २२.५९. ऑस्मियमचे अणू लहान जागेत दाटीने बसतात, म्हणून हे घडते. सर्व स्थिर मूलद्रव्यांत ऑस्मियम सर्वांत घन, इरिडियम २२.५६ वर त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे आहे. दुसऱ्या टोकाला लिथियम हा धातू ०.५३ घनतेचा, म्हणजे पाण्यावर तरंगणारा. शिशाच्या पोटातही एक नवल निघाले. युरेनियमच्या खनिजातून आलेले शिसे नेहमीच्या शिशाहून किंचित हलके आणि थोरियमच्या खनिजातून आलेले किंचित घन असते, हे १९१४ च्या सुमारास रिचर्ड्स आणि सॉडी यांनी दाखवले. अणूची जागा तीच, वजन निराळे. समस्थानिकांच्या कल्पनेला मिळालेला हा भक्कम पुरावा होता.

आयुई यांचा अदृश्य ठोकळाही अखेरीस दृष्टीच्या टप्प्यात आला. १९१२ साली माक्स फॉन लावे यांच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण सोडण्यात आले आणि अणूंची नियमबद्ध मांडणी उघड झाली. पाठोपाठ ब्रॅग पितापुत्रांनी मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली. शेजारच्या दोन अणूंमधील अंतर मोजण्यासाठी त्यांनी आधार घेतला तो मिठाच्या घनतेचा. मीठ २.१६ घनतेचे, एका ठराविक वजनात अणू किती हे ठाऊक होते, त्यावरून एकेका अणूच्या वाट्याला किती जागा येते हे निघाले. ते अंतर एका सेंटिमीटरच्या सुमारे साडेतीन कोटीव्या भागाएवढे आहे. स्वयंपाकघरातील मीठ आणि पाण्यातला जुना तराजू यांच्या साहाय्याने माणूस अणूंच्या घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला.

आणि शेवटी किलोग्रॅम. प्लॅटिनमच्या ठोकळ्यावर हे माप सुमारे दोनशे वीस वर्षे टेकले होते. २० मे २०१९ पासून ते निसर्गाच्या एका स्थिरांकावर टेकले आहे. तो स्थिरांक निश्चित करण्याचे जे दोन मार्ग होते, त्यांतील एक असा: सिलिकॉनच्या अतिशुद्ध स्फटिकाचा जवळजवळ निर्दोष गोल घडवावयाचा, त्याची घनता मोजावयाची, क्ष-किरणांनी त्यातील मूळ ठोकळ्याची बाजू मोजावयाची आणि त्यावरून अणूंची संख्या काढावयाची. आयुई यांनी आयुष्यात केलेली दोन कामे, पाण्याचा तोल आणि स्फटिकाचा ठोकळा, या एका प्रयोगात एकत्र आली.

आमच्या धर्मग्रामांतील तरुण पुष्कळदा विचारतात की, विज्ञान शिकताना श्रद्धा कशी टिकवावी. वाद घालण्याऐवजी आम्ही त्यांना आबे आयुई यांचे चरित्र सांगावे असे म्हणू. विज्ञान त्यांच्या प्रार्थनेच्या आड आले नाही आणि प्रार्थनेने त्यांचा तराजू कधी एका बाजूला झुकवला नाही. प्रज्ञाग्रंथाच्या अकराव्या अध्यायात सृष्टीच्या रचनेसंबंधी माप, संख्या आणि वजन या तिहींचा उल्लेख येतो. मध्ययुगातील कॅथॉलिक विद्वानांना तो फार प्रिय होता. सृष्टी मोजता येते, कारण ती विवेकाने घडली आहे, हा विश्वास त्यामागे होता. मोजणी करताना आयुई यांच्याही हातून चुका झाल्या; त्या पुढील पिढीने दुरुस्त केल्या. परंतु ज्या दिवशी खोट्या शपथेचे वजन आणि मरणाचे वजन एकाच तराजूत घातले गेले, त्या दिवशी त्यांच्या तोलात चूक झाली नाही.